लाइटच्या माशाची चाचणी

माझ्या दोन्ही लेकरांनो,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमची आई ते वाचून दाखवील आणि अडेल तिथे समजावून सांगील. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. पण या विषयावर मी एकदा इंग्रजीत लिहिलेलं आहे आणि ते चुकलं. स्पेलिंग बरोबर होतं, आकडे बरोबर होते, तरी चुकलं. शिवाय यात तुमच्या आजोबांचं बोलणं येणार आहे. ते इंग्रजीत नेलं की त्यांचं राहत नाही.

आता का लिहिते, तेही सांगते. थोरल्या, मागच्या आठवड्यात तुझा मेसेज आला. कॉलेजच्या खोलीतलं सामान आवरताना मासे पकडायच्या डब्यात तुला तो लुकलुकणारा नकली मासा सापडला, असं तू लिहिलंस. खाली एकच प्रश्न होता: "आजी, आजोबांना काय वाटायचं? लाइटने खरंच जास्त मासे मिळतात?" मी लगेच "नाही" असं टाइप केलं. मग पुसलं. ते माझं उत्तर होतं. तू त्यांचं विचारलं होतंस. त्यांचं उत्तर माझ्याकडे आहे की नाही, हे मला तीन दिवस ठरवता आलं नाही. घरात विचारायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

धाकटे, तू तेव्हा फार लहान होतीस, तेव्हा तुझ्यासाठी पहिल्यापासून सांगते.

तुमच्या तिकडच्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो. थोरला दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला तो पकडायचा नाद लागला. त्याआधी दर रविवारी सकाळी तो आणि आजोबा व्हिडिओवर समोरासमोर बसत आणि त्यांना बोलायला काही नसे. आजोबांचं बोलणं पारशिवनीकडचं, खेड्यातलं. थोरल्याची मराठी आईच्या हाकेला ओ देण्यापुरती.

"जेवला का रे?"

"हो."

"काय जेवला?"

"पास्ता."

एवढं झालं की आजोबा माझ्याकडे पाहत आणि मी फोन हातात घेई.

बासने हे सगळं बदललं. आजोबा लहानपणापासून गावच्या तलावावर मरळ धरत आलेले. मरळ म्हणजे काळपट, सापासारख्या चपट्या डोक्याचा मासा. ती राहते पाण्यात, पण तिला वरची हवा लागते. दर थोड्या वेळाने वर येऊन ती तोंड मारते आणि पाण्यावर एक गोल उठतो. त्या गोलावरून आजोबा मासा केवढा ते सांगत. बास आणि मरळ एकाच स्वभावाचे, असं या दोघांचं ठरलं: गवताआड दबा धरून बसायचं आणि समोरून काही हललं की झडप घालायची. आजोबा हाताच्या पंजाचं मरळीचं तोंड करून कॅमेऱ्यावर झडप घालत, आणि तिकडून थोरला बासची झडप घाली. दोघंही खदखदून हसत. भाषेची गरज उरली नाही. मला तर फोन मिळेनासाच झाला.

मग थोरल्या, तुझं पार्सल आलं. आत बोटाएवढे दोन पारदर्शक प्लास्टिकचे मासे, पोटाखाली तिहेरी गळ, आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. तुझा मित्र म्हणत होता की लाइटचा काही उपयोग नाही, ती माणसांना फसवायची वस्तू आहे. तू म्हणत होतास की तुला लाइटवर जास्त बास मिळतात. शेवटी लिहिलं होतंस, आजोबा, तुमच्या माशावर तपासून सांगा. ती चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. चौथ्यांदा मी म्हटलं, "अहो, तेच आहे त्यात." ते म्हणाले, "वाच ना वं. तुले काय जाते?"

पण पार्सल आलं ते श्रावणात, आणि श्रावणात आपल्या घरी वर्षावास असतो. तुमच्या पणजीने, म्हणजे आजोबांच्या आईने, दीक्षा घेतल्यावर घराला जे नियम लावून दिले त्यातला हा एक. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि या तीन महिन्यांत घरातल्या कोणी गळ पाण्यात टाकायचा नाही. बाकीचे नऊ महिने पंचशील म्हणून झाल्यावर मरळीचा रस्सा चालायचा. ते कसं काय, असं मी नवी सून असताना एकदा विचारलं होतं. सासूबाईंकडे त्याला उत्तर होतं, पण ते त्या कोणाला सांगत नसत.

थोरल्याला हे समजेना. "तीन महिने? तलाव बंद असतो?"

"तलाव नाही बंद," आजोबा म्हणाले. "मी बंद."

वर्षावास संपेपर्यंत त्यांनी तो मासा बाथरूमच्या बादलीत पोहवला. त्याच्या पोटाखाली दोन बारीक खिळे होते. दोन्ही ओले झाले की आतला लाल दिवा लुकलुकायला लागे. मला दर दोन दिवसांनी हाक येई. "ये वं, पाह्य. लागला." मी कणकेच्या हाताने जाऊन पाही. इतक्यांदा पाहिला की आश्विन उजाडायच्या आत सेल संपला आणि जरीपटक्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडून दुसरा बटण सेल आणावा लागला.

इथपर्यंत सगळं त्या दोघांचं होतं. मध्ये मी पडले. मला वाटलं, तपासायचंच आहे तर नीट तपासा. दोन्ही मासे सारखेच, तेव्हा एकातला सेल काढून टाकायचा. म्हणजे एक लाइटचा आणि एक साधा. बांधावरची जागा एक. दोघांना सारखा वेळ. मी घड्याळ घेऊन बसेन आणि मासा लागला की वहीत त्या त्या रकान्यात खूण करीन. फक्त आधी कोणता लावायचा, ते ठरायचं होतं.

"साधा आधी लावू," आजोबा म्हणाले. "लाइटवाला मागून. अंधारून आलं म्हणजे लाइट दिसन तरी."

मला पटलं. साडेचार ते सव्वापाच साधा, सव्वापाच ते सहा लाइटचा, असं मी लिहून टाकलं. मुलांना आयुष्यभर शिकवलं की प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या जशाच्या तशा ठेवायच्या. आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं.

दर शनिवारी दुपारी आम्ही हुडकेश्वरहून निघून सगळं नागपूर ओलांडत पारशिवनीच्या रस्त्याला लागायचो. गावचा तलाव मासेमारांच्या सोसायटीकडे होता. त्यातले एक आजोबांचे शाळासोबती; त्यांचा डोंगा कायम काठाला बांधलेला, म्हणून मी त्यांना डोंगेवाले भाऊ म्हणते. पकडलेली मरळ त्यांच्याच टोपलीत जाई, तेव्हा त्यांची हरकत नव्हती. जीभ मात्र थांबत नसे.

"काहून गा," पहिल्या दिवशी तो लुकलुकणारा मासा पाहून ते म्हणाले, "मासळीच्या घरी लाइन टाकून राहिला का?"

"नातवानं पाठवली."

"मंग मीटर कुठं बसवतं?"

मग माझ्याकडे वळून, "वैनी, तुम्ही काय लिहून राहिल्या? हाजरी घेता का मासळ्यायची?"

"घेते. तुमचीही लावू का?"

"लावा ना. रोज हजर हाओ मी. हा तुमचा साहेब शाळेत कधी हजर नव्हता, ते पण लिहा."

थंडीच्या दिवसांत पाचपासून तलावावर ऊन तिरपं होतं. पलीकडच्या काठाला म्हशी पाण्यातून उठून घरी निघतात. मी चटईवर शाल गुंडाळून बसायची. आजोबा एका लयीत गळ फेकायचे आणि ओढायचे. आम्ही दोघं फार बोलत नव्हतो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की न बोलण्याचं काही वाटत नव्हतं. आता वाटतं की काही बोललो असतो तर बरं झालं असतं. निदान काय बोललो ते आठवलं असतं.

वहीत लाइटच्या रकान्यात खुणा वाढत गेल्या. साध्याच्या रकान्यात दोन, मग कितीतरी दिवस दोनच, मग तीन. रविवारी आजोबा फोनसमोर ती वही उघडून धरत. थोरला खुर्चीवर उभा राहून ओरडे. मित्राला काय सांगितलं, मित्राचं तोंड कसं झालं, ते तो अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत सांगे आणि आजोबांना सगळं कळे. पाच मिनिटांचा फोन पाऊण तास चालू लागला. मी मधे एकदा विचारलं, "शाळा कशी चालली आहे?" तर दोघांनीही माझ्याकडे एकदमच पाहिलं, वर्गात मधेच कोणी आत आल्यासारखं.

मग जानेवारीतल्या एका शनिवारी आम्हाला उशीर झाला. जरीपटक्याला सेल घ्यायला थांबलो आणि एका लग्नाच्या वरातीमागे अडकलो. तलावावर पोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते. नियमाप्रमाणे साधा मासा आधी लावला. दहा मिनिटांत एक मरळ लागली. थोड्या वेळाने दुसरी. सहानंतर लाइटचा लावला तेव्हा काळोख पडला होता, आणि त्याला काहीच लागलं नाही.

परतीच्या रस्त्यात मला कळलं. लाइटचा मासा जिंकत नव्हता, सव्वापाच ते सहा ही वेळ जिंकत होती. त्या वेळेला मरळ कशालाही तोंड लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन यायच्या आधी, मी विषय काढला. आजोबा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते.

"क्रम चुकलाय आपला," मी म्हटलं. "संध्याकाळची वेळ नेहमी लाइटलाच मिळाली."

"मले माहीत हाय."

"कालपासून?"

"पह्यल्यापासून. त्या तलावावर लहानाचा मोठा झालो वं मी. मरळ कधी तोंड लावते, हे मले नाही समजन?"

"म्हणजे तुम्ही जाणूनबुजून..."

"पोराच्या माशाले चांगली वेळ देली. बस."

"पण हे खोटं आहे."

"खोटं कायचं? मासळ्या तर खऱ्याच निघाल्या ना? तूच तर हाजरी लावली."

"तो तिकडे मित्राला सांगतोय. उद्या कोणी विचारलं, कसं तपासलं, तर?"

"पोरगं हाय ते. त्याले कोण विचारते?"

"मी विचारीन."

"तू विचारशीनच," ते हसत म्हणाले. "तुले दुसरं येते काय?"

मी हसले नाही. ते पाहून त्यांचंही हसू गेलं. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "जाऊ दे ना वं. त्याच्याशी बोलाले मले एवढंच हाय. हे गेलं का मंग काय बोलू मी त्याच्यासंगं?"

हे मी तुम्हाला शब्दाला शब्द सांगते आहे. त्यांनी मला इतकं सरळ सांगितलं होतं. मला समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. समजलं होतं. पण मुलाला चुकीची गोष्ट शिकवली जाते आहे, हे मला त्याहून मोठं वाटलं. मी म्हटलं, उरलेले शनिवार क्रम आलटून पालटून करू, आणि जे निघेल ते सांगू. ते "बरं" म्हणाले.

त्यांनी सगळं मी सांगितलं तसंच केलं. एका शनिवारी लाइट आधी, दुसऱ्या शनिवारी साधा आधी. मी "वेळ झाली" म्हटलं की ते मुकाट्याने गळ बदलत. फाल्गुनात तलावाचं पाणी हटायला लागलं तोवर दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरले होते. उजेडात दोघांना कमी, कातरवेळेला दोघांना जास्त. लाइटने काही फरक पडला नव्हता.

मी ईमेल लिहिली. मुद्दे घालून, स्वच्छ इंग्रजीत. आधी पद्धत, मग निष्कर्ष. त्यात एक वाक्य होतं, की आधीच्या निकालात चूक होती आणि ती चूक माझी होती. पाठवायच्या आधी आजोबांना मराठीत सांगितलं.

"चूक तुझी, असं काहून लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव यायला नको म्हणून."

"टाक ना माझं नाव. पोराले माहीत होऊ दे का आजोबानं त्याच्यासाठी..." आणि ते थांबले. "राहू दे. तुले जसं बरोबर वाटते तसं कर."

मी त्यांचं नाव टाकलं नाही. मला वाटलं, मी त्यांची बाजू सांभाळते आहे. नातवाच्या नजरेत ते खोटे पडू नयेत. खरं म्हणजे त्या ईमेलमध्ये एकच वाक्य खोटं होतं आणि ते माझं होतं.

थोरल्या, तुझं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "ओके आजी. मेक्स सेन्स." मला आनंद झाला. मुलगा समजूतदार आहे, असं मी आजोबांना म्हटलंही.

त्यानंतरच्या रविवारी फोन सहा मिनिटांत संपला. त्याच्या पुढच्या रविवारी तुझी मॅच होती. मग परीक्षा आली. मी तुला दोष देत नाही, थोरल्या. प्रश्न विचारला होतास, उत्तर मिळालं, पोरं पुढे जातात. आजोबा मात्र रविवारी साडेसातपासून दाढी करून बसत. फोन आला तर "जेवला का रे?" विचारत आणि मग माझ्याकडे पाहत.

पुढचा वर्षावास संपला तेव्हा ते एकदा म्हणाले, "एक पाह्याचं राहिलं. गढूळ पाण्यात. तिथं मासळीले डोळ्यानं काही दिसत नसन. तिथं लाइटचा उपयोग होऊ शकते."

चांगला प्रश्न होता. वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारला असता तर मी तिला फळ्यापाशी बोलावून सगळ्यांना ऐकवायला लावला असता. पण माझे गुडघे दुखत होते, शनिवारच्या त्या लांबच्या फेऱ्यांचा मला कंटाळा आला होता, आणि मला वाटलं, हे आता उत्तर बदलायची वाट शोधताहेत. मी म्हटलं, "चाचणी झाली आहे. आता पुन्हा उकरून काढू नका."

"बरं," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात ते चारदा एकटेच बसने गावी गेले. चुलतभावाकडे जातो, म्हणाले. मला ते बरंच वाटलं. दुपारी घर शांत असे आणि माझं वाचन होई.

उन्हाळ्यात ते गेले. ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही दोघंही आला होतात. थोरल्या, तू त्यांच्या फोटोजवळ बराच वेळ उभा होतास. मी तुला पाणी हवं का, असं विचारलं. दहा दिवसांनी तुम्ही परत गेलात.

तेव्हापासून मी इथे एकटी आहे. तक्रार म्हणून सांगत नाही. सकाळी पेपर, मग स्वयंपाक. एका माणसाचा स्वयंपाक वीस मिनिटांत होतो आणि जेवण सात मिनिटांत. शेजारचे लोक चांगले आहेत. वरच्या दोन खोल्या महिन्यातून एकदा झाडून घेते. वर्षावासात अजून संध्याकाळी वाचन करते, मोठ्याने, कारण ते मोठ्याने वाचायचं असतं. पान संपलं की पूर्वी ते "हूं" म्हणत. आता पान संपलं की मी पुढचं पान वाचते. घर इतकं नीट राहतं की कधी कधी मलाच ते बघवत नाही. शाळेत असताना वर्गात शांतता हवी म्हणून मी किती ओरडले असेन!

ते गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकदा गावी गेले. त्यांची काठी आणि रीळ तशीच पडून होती. वापरणाऱ्याच्या हाती जावी म्हणून डोंगेवाल्या भाऊंना द्यायला नेली. भाऊ डोंग्याला डांबर लावत होते. काठी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली.

"बसा वैनी. मागच्या साली इथंच उभी राहे ही काठी."

"मागच्या साली?" मी म्हटलं. "मागच्या साली आम्ही आलोच नाही."

"तुम्ही नाही. साहेब येत ना, एकटेच. दिवाळीनंतर. चारदा आले असन." त्यांनी पलीकडचा काठ दाखवला. "तिथं, म्हशी बसतात त्या कोपऱ्यात. गुडघ्याएवढ्या चिखलात उभे राहत. मी म्हटलं, काहून गा, म्हशी राखाले लागला का? तर म्हणे, गढूळ पाणी पाह्यजे मले."

"मला नाही सांगितलं त्यांनी."

"तुमचं तर नावच नको काढू म्हणे. म्हणे, ती वही घेऊन येईन." भाऊ हसले, आणि माझ्याकडे पाहून थांबले. "गमतीनं म्हणे, वैनी."

मी विचारलं, "लागली का काही?"

"एक लागली. चौथ्या दिवशी. लाइटवालीले." त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवला. "हे एवढी."

"आणि साध्याला?"

"काहीच नाही. दोन्ही लावत. तुमच्यासारखंच घड्याळ पाहू पाहू."

"आधी कोणता लावत?"

"एका दिवशी हा आधी, एका दिवशी तो. मी इचारलं होतं, असं उलटंसुलटं काहून करतं? म्हणे, असंच करा लागते, नाही तर घरी चालत नाही."

भाऊ पुढे म्हणाले, "मी म्हटलं त्याले, लाव फोन नातवाले, आत्ताच दाखव, जिती हाय तोपर्यंत. तर म्हणे, नाही गा. एका मासळीनं काय होते? दहा होऊ दे. दहा झाल्या का सांगतो."

"फोटो काढला का?"

"नाही वं वैनी. पाण्यात सोडून देली. मीच म्हटलं, टोपलीत टाक ना, तर म्हणे, नातवाची हाय ते."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तुमच्या आईलाही नाही. ती हे वाचताना तुमच्याबरोबरच ऐकते आहे. न सांगण्याचं कारण असं, की मला ते कसं मांडावं ते कळत नव्हतं. वहीत ते बसत नाही. मी तिथे नव्हते, फोटो नाही, आणि मासा एक. माझ्या वर्गात हे चाललं नसतं. आणि ज्या माणसाचं ते होतं, तो चारदा चिखलात उभा राहिला, कारण नातवाशी पुन्हा बोलायला त्याला काहीतरी हातात हवं होतं, आणि ते माझ्यासमोर टिकेल असं हवं होतं.

तर थोरल्या, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्वच्छ पाण्यात, आमच्या तलावावर, मरळीच्या बाबतीत लाइटने फरक पडला नाही, वेळेने पडला. बासचं मला माहीत नाही, तुझ्या तळ्यावर तूच संध्याकाळी आणि सकाळी, आलटून पालटून पाहा. पहिल्या दोन-अडीच महिन्यांतले मासे तुझ्या लाइटला मिळाले ते माझ्या चुकीने नाहीत. आजोबांनी तुझ्या माशाला दिवसातली सगळ्यात चांगली वेळ दिली होती, समजून उमजून, आणि तुला ते कळावं अशी त्यांची इच्छा होती. ते मी अडवलं. तेवढं वाक्य आता दुरुस्त कर.

आणि त्यांना काय वाटायचं, ते मी त्यांना विचारलं नाही, म्हणून सांगू शकत नाही. गढूळ पाण्यात चार दिवस पाहण्याइतकं त्यांना ते खरं वाटत होतं. दहा मासे झाल्याशिवाय बोलू नये इतकी शंकाही होती. माझ्या माहितीत बरेच शिकलेले लोक याच्याहून कमी तपासून बोलतात.

एका माशाने काही सिद्ध होत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तो मासा निघाला होता, गढूळ पाण्यातून, लाइटच्या गळाला. तो पाहणारे भाऊ अजून आहेत, रोज तलावावर असतात, आणि विचारलं की कोपरापासून हात दाखवून सांगतात.

तुमची,
आजी